टोपी पडेल तिथली बोंडं

वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले तेव्हा मी तिथे कॉलेजात होतो. संख्याशास्त्राचे आमचे सर फळ्याजवळ फारसे रमत नसत. दर वाक्यामागे "बरं का" म्हणत आणि टोपी काढून बोटावर फिरवत. सुट्टीत ते प्रत्येकाला आपल्या गावी काहीतरी मोजायला लावत. मी काकांच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं मोजणार होतो, म्हणून सर आमच्या डोणगावला आले.

काकांनी कौतुकाने विहिरीजवळची दाट पऱ्हाटी दाखवली. सरांनी डोळे मिटून टोपी भिरकावली. ती मुरमाड कोपऱ्यात पडली.

"टोपी काऊन फेकून राह्यले, मास्तर?"

"पडेल तिथली बोंडं मोजायची, बरं का. नाहीतर आपण चांगलीच तेवढी मोजतो."

काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या वावराची सरासरी साऱ्या वर्गासमोर वाचली जाणार होती. कोपरा मोजून झाल्यावर सरांनी टोपी त्यांच्या हातात दिली. "आता तुम्ही फेका."

टोपी बरोबर विहिरीजवळ पडली. सर मोजायला वाकले, तसे काका म्हणाले, "थांबा मास्तर. म्या नेम धरला होता."

सर खुशीत हसले. "मग पुन्हा फेका, बरं का."

या वेळी काकांनी डोळे गच्च मिटले, आणि टोपी थेट शेजाऱ्याच्या तुरीत जाऊन पडली.