वाघाच्या पोटाखालचा खिसा

माझं माहेर महाडचं. वडिलांचं पेठेत दुकान होतं, त्यामुळे तोलूनमापून बोलायची सवय मला लागायला हवी होती, पण ती काही लागली नाही. मनात आलेलं माझ्या तोंडावर येतं, आणि एकदा आलं की मी ते मागे घेत नाही. अशी मी लग्न होऊन पोलादपूरच्या पुढे, कापड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आले. मोजकी घरं, सगळी एकाच भावकीची. प्रत्येक पुरुषाच्या कमरेला लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. जेवायला बसताना तेवढा तो उतरायचा. पहिल्या दिवशी मला भीती वाटली, पुढे माझं मलाच हसू येऊ लागलं.

आमच्या घराकडे शिमग्यात वाघाचं सोंग घ्यायचा मान होता. सासरे गेल्यावर तो माझ्या नवऱ्याकडे आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी वाघ चार पायांवर वाडीतल्या प्रत्येक अंगणात जाई, आणि घरातलं सगळ्यात लहान मूल त्याच्या पाठीवर बसवत. मुलाची इडापिडा वाघ घेऊन जातो, अशी समजूत. त्याचे नियम कडक होते. मुखवटा चढला की वाघानं बोलायचं नाही, त्याला कुणी नात्यानं हाक मारायची नाही, आणि सोंग घेण्याआधी कोयता आकडीसकट देवीपुढे ठेवायचा. वाघानं एखादं घर वगळलं तर ते घर वाडीतून तुटलं असंच धरत.

कोयता देवीपुढे का ठेवायचा, त्याचीही गोष्ट होती. वर घाटातल्या रानात पूर्वी रूप पालटणाऱ्या माणसांची जमात राहायची म्हणे. सकाळी हरीण, दुपारी घार, मनात आलं तर वाघ. त्या लोकांनी हत्यार म्हणून कधी हातात धरलं नाही, साधा विळासुद्धा त्यांच्या घरात नसे. का नसे, यावर आमच्या ओटीवर दर शिमग्याला वाद रंगायचा. सासूबाई म्हणत, नखं असताना लोखंड हवंय कशाला? एका म्हाताऱ्या चुलतसासऱ्यांचं म्हणणं वेगळं. अंग पालटतं, लोखंड पालटत नाही, म्हणून कमरेला सुरा ठेवून घार व्हायला गेलेला एकजण दरीत पडला, असं ते अगदी पाहिल्यासारखं सांगत. मला ही सगळी रिकामटेकड्यांची बडबड वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवायचे.

माझ्या दुसऱ्या शिमग्याला मात्र ही बडबड आमच्या घरावर आली. आमच्या आणि माझ्या थोरल्या चुलत दिरांच्या शेतामधल्या बांधावर ऐनाचं एक झाड होतं. भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजायला फांद्या लागतात, आणि त्या ऐनाच्या फांद्या एका वर्षी त्यांनी, एका वर्षी आम्ही तोडायच्या, असं ठरलेलं होतं. दीर मुंबईला गिरणीत. शिमग्याला बोटीनं दासगावला उतरून ते घरी आले तो ऐन बोडका. माझा नवरा म्हणे पाळी आमची, ते म्हणत पाळी त्यांची. खरी कुणाची होती ते मला आजही ठाऊक नाही. सगळ्या वाडीदेखत ते ओरडले, "माज्या अंगणात पाय तर टाक, एकदम तोडून हातात देतो!"

आणि ते नुसते बोलणारे नव्हते. शेताच्या वाटेच्या भांडणात त्यांनी आधी एकाच्या खांद्यात कोयता घातलेला होता. वाघाला त्यांचं अंगण टाळता येत नव्हतं, कारण त्यांच्या घरात तापानं सुकलेली लहान मुलगी होती. मी तेव्हा पोटुशी होते. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, माझा नवरा गुडघ्यांवर रांगत त्या अंगणात शिरतो आहे आणि त्याची मान खाली आहे.

सोंगाआधीच्या दोन दिवसांत सासूबाईंचं आणि माझं प्रथमच एकमत झालं. गोणपाटाला हळद फासून, काजळाचे पट्टे ओढून केलेलं वाघाचं कातडं त्यांनी माझ्यापुढे टाकलं. माझी शिवण चांगली होती. पोटाच्या बाजूला आतून मी जाड दोऱ्यानं खिसा शिवला आणि सासूबाईंनी त्यात घरातला आखूड कोयता सरकवला.

सोंग अंगावर घेताना नवऱ्याला वजन कळलं. त्यानं कोयता बाहेर काढला आणि माझ्याकडं पाहिलं.

"अवो, तो अंगावर धावून आला तर?" मी म्हटलं.

"आला तर आला."

"आणि मी? आणि हे पोटातलं?"

 तो माझ्याजवळ खाली बसला. "असं बघ गो. ती रानातली मानसं कदी हरीण होऊन यायची, कदी गाय होऊन. गाईच्या रूपात एकानं जरी सुरा काढला असता, तर लोकांनी गोठ्यातली हरेक गाय कापली असती. मंग त्यांच्या कुठल्याच रूपावर कुनी इस्वास ठेवला नसता."

"ती गोष्ट हाय," मी म्हटलं. एव्हाना वाडीची भाषा माझ्याही तोंडी बसली होती.

"गोष्टच हाय. पन ज्या पाठीवर पोर बसनार, तिच्या खाली मी पातं नेनार नाय. खिसा उसव."

मी उसवला नाही. संतापानं मी सुईदोरा कोनाड्यात टाकला. म्हटलं, राहू दे रिकामा, मी आता सुईला हात लावणार नाही. सोंग घेऊन तो तसाच निघाला.

दुपारचं ऊन रणरणत होतं. दिरांच्या अंगणाशी वाघ आला तसे ढोल आपोआप थांबले. दीर मधोमध उभे, हात कोयत्याच्या मुठीवर. दारात जाऊबाई मुलीला कडेवर घेऊन. वाघ रांगत आत गेला आणि त्यांच्यापुढे थांबला. ते खाली बसले. त्यांनी त्याच्या पाठीवरून, बगलेतून हात फिरवला, मग पोटाखाली घातला. तिथं त्यांची बोटं अडखळली. शिवण लागली होती. त्यांचा चेहरा पालटला आणि दुसऱ्या हातानं त्यांनी कोयता आकडीतून उपसला.

थोरल्या दिरांसमोर मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते, बोलणं तर दूरच. त्या दिवशी बायकांच्या घोळक्यातून मी पुढे झाले. "आत हात घाला," मी म्हटलं. "खिसा मी शिवलाय. कोयता त्यांनी काढून ठेवला. बघा घालून!"

त्यांनी हात घातला. बराच वेळ तो आतच राहिला. बाहेर काढला तेव्हा रिकामा होता.

"लोखंड लागलं असतं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तर म्या थांबलो नसतो."  त्यांनी कोयता पडवीत लांब टाकला.

 मी शिवलेल्या त्या खिशात कोयता असता तर त्याच क्षणी मी विधवा झाले असते. ती रानातली माणसं लोखंड का बाळगत नव्हती, या ओटीवरच्या वादात माझ्या नवऱ्याचंच बरोबर होतं, हे मी छातीठोक सांगते. तो माझा नवरा होता म्हणून नव्हे, त्याच्या इतर पुष्कळ गोष्टी मला जन्मभर पटल्या नाहीत.

दिरांनी मुलीला जाऊबाईंच्या कडेवरून घेतलं. मुखवटा पाहून तिनं भोकाड पसरलं, पाय झाडले, काही केल्या पाठीवर बसेना.  तिला पाठीवर धरून ठेवत दीर तिच्याशी वाकून बोलले, आणि ते आम्हा सर्वांना ऐकू गेलं.

"रडू नको गो. वाघ नाय त्यो. काका हाय तुजा."

मुखवट्याआडून हुंदका फुटला. तिनंही तो ऐकला असावा, कारण ती रडायची थांबली आणि वाघाचे दोन्ही कान तिनं मुठीत घट्ट धरले.