अक्काच्या गाडीचं बॉनेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी सगळं सांगतो—न विचारलेलंसुद्धा. हे मात्र सात वर्षं गिळून बसलोय.

लातुरात माझं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. पुढं पॉलिशचं मशीन घेतलं आणि मी त्यातला पंडित झालो. गिऱ्हाइकाचा चहा संपला तरी माझं प्रवचन संपायचं नाही—खोल ओरखडा असेल तर लोकरीचं पॅड आणि खरखरीत पेस्ट; नुसत्या बारीक रेषा असतील तर मऊ स्पंज आणि बारीक पॉलिश. जोडी चुकली की रंग गेला.

आता ऐका, पंडितानं काय केलं ते.

नांदेडला माझी थोरली बहीण असते, अक्का. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, जुनीच पण काळीभोर गाडी घेतली होती. बावन्नाव्या वर्षी अक्का ती चालवायला शिकली. लायसन आलं. "पहिली चक्कर लातूरला, तुझ्या दारात," म्हणाली होती मला. दाजींना हे काही रुचत नव्हतं, पण नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं.

ते कारण मी दिलं.

झालं असं—पॉलिश करून द्यायला मशीन घेऊन गेलो आणि मऊ स्पंज दुकानातच विसरलो. पिशवीत फक्त लोकरीचं पॅड आणि खरखरीत पेस्ट. बॉनेटवर होत्या उन्हात जेमतेम दिसणाऱ्या रेषा. एक दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण अंगणात दाजी आणि दोन शेजारी खुर्च्या टाकून बसलेले—आणि समोर चार डोळे दिसले की माझं डोकं जागेवर राहत नाही. लोकर चढवली. बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर मशीन दाबून धरलं. तिथं रंग सगळ्यात पातळ असतो—हेही माझ्याच प्रवचनातलं. जळका वास आला. दाजी चहा सांगायला आत गेले, शेजारी आपल्या गप्पांत होते, तेवढ्यात पुसून बघितलं, तर वरचा चमकीचा थर गेलेला. हातभर पट्टा, मेल्या माशाच्या डोळ्यासारखा.

मग? मग तेलकट चमक देणारं पॉलिश काढून त्यावर चोळलं. पट्टा लपला. चार वेळा धुतली की उघडा पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारी म्हणाले, "आरशागत झाली की ओ." आणि मी मान लववली. त्या लववलेल्या मानेची मला अजून शिसारी येते.

महिन्याभरानं दाजींचा फोन. "बॉनेट पांढरं पडून राहिलंय. काय भानगड हाय?"

मी काय विचारलं, माहितीये? "धुतली कुणी?"

अक्कानं धुतली होती. तीच धुवायची—जीव होता तिचा गाडीवर.

"मग घासणी फिरवली असंल, दाजी."

मागून अक्काचा आवाज आला, "तूच दिलेलं मऊ फडकं होतं रे."

"फडक्यानं असं होत नसतं, अक्का."

तेवढं मात्र खरं बोललो. फडक्यानं असं होतच नसतं.

दाजींनी किल्ली काढून घेतली. अक्का लातूरला येते—एसटीनं.

इथं थांबलो असतो तर नुसता भेकड ठरलो असतो. पण आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगणारा मी. लग्न असो, बारसं असो, 'अक्कानं गाडी घासली' ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. दर वेळी थोडी भर घालायची. लोक पोट धरून हसायचे. अक्काही हसायची, तोंडाला पदर लावून. आणि मला—काय सांगू—बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात तिच्या नव्या सुनेनं सगळ्यांसमोर विचारलं, "आई, लायसन हाय तर तुम्ही गाडी का नाही चालवत?"

अक्कानंच गोष्ट सांगितली. माझ्या शब्दांत, माझ्या हातवाऱ्यांसकट. "तारेच्या घासणीनं घासली गं मी, येडी कुठली." तिला आता तसंच आठवतं. खरंच तसंच आठवतं. मध्येच ती अडखळली, माझ्याकडं वळली. "आणि वरून काय टाकलं होतं रे मी?"

"राख," मी म्हणालो.