फोर म्हणजे चार

माझा तो फोटो तुम्ही दोघांनी पाहिलात. निळी साडी, गळ्यात बिल्ला, मागे हिरवंगार मैदान. फोनवर तुम्ही म्हणालात, आज्जी, तू तर गोल्फवालीच झालीस, आणि मी हसले. त्या हसण्याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे. फोटो सकाळचा आहे. दुपारी काय झालं ते मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही.

पेडण्याच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर जिथे पूर्वी गुरं चरायची, तिथे आता एका हॉटेलाचं गोल्फचं मैदान आहे. तिथे देशोदेशींच्या जोड्यांची स्पर्धा ठरली. प्रत्येक देशाचे दोघे. पहिल्या दिवशी ज्याचा त्याचा चेंडू, दुसऱ्या दिवशी जोडीला मिळून एकच. एक फटका याने मारायचा, पुढचा त्याने. खेळाडूंच्या काठ्यांची जड पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. त्यासाठी हॉटेलाने आसपासच्या गावांतल्या बायका घेतल्या, आणि ज्या नीट काम करतील त्यांना कायम ठेवणार होते. त्यांना कामापुरतं इंग्रजी शिकवायला मला बोलावलं. शाळेतून निवृत्त झाले तरी इंग्रजीचं काही अडलं की लोक माझ्याकडेच येतात, आणि ते मला आवडतं.

त्यांच्यातली एक आमच्या शेजारची. लग्न होऊन दोडामार्गाकडून आलेली, तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी. दिवसभर एका जागी उभं राहून तिचे पाय सुजत. ‘मैदानार चलताना वारो तरी लागतलो, बाई,’ असं ती म्हणायची. ही नोकरी तिला फार हवी होती. प्रशिक्षणाचा एक दिवस मात्र तिचा बुडला, कारखान्याने रजा दिली नाही. नेमका त्याच दिवशी गोल्फ शिकवणाऱ्या मास्तरांनी एक शब्द शिकवला. संध्याकाळी ती आमच्या पायरीवर येऊन बसली.

“बाई, फोर म्हणजे काय वो? मास्तर फोर म्हणान आरडता नि सगळी खाली बसतत म्हणे.”

मला ठाऊक नव्हतं. ‘ठाऊक नाही’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण माहितीपत्रकात पहिल्या दिवसाच्या खेळाचं नाव ‘फोर-बॉल’ असं छापलेलं मी वाचलं होतं, आणि तेवढ्यावर मी तिला धडाच दिला. फोर म्हणजे चार. चौघांचे चार चेंडू, चौथ्याची पाळी आली की तसं ओरडत असतील. मग खाली का बसतात, असं तिने विचारलं. चेंडू कुठे पडला ते बघायला वाकत असतील, मी म्हणाले. तू मात्र वाकू नकोस, खेळाडूंना हालचाल खपत नाही, पिशवी सावरून ताठ उभी राहा. बाकीच्यांना काय विचारतेस, मी सांगते ना. मग गोणीत आमच्या छत्र्या भरून ती खांद्याला लावून आमच्या अंगणात ताठ उभं राहायचा सराव तिने केला. मला कौतुक वाटलं, तिचं आणि माझंही.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मला मांडवाखाली मानाची खुर्ची होती. समोरच्या हिरवळीवर चार खेळाडू आणि चार कॅडी चालले होते, त्यांत ती एक. पलीकडच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने ओरडलं, ‘फोर’. चौघे खेळाडू डोकं झाकून वाकले, तिघी बायका खाली बसल्या. ती ताठ उभी राहिली, अगदी अंगणात राहिली होती तशी. चेंडू तिच्या मनगटावर बसला. तो आवाज मला मांडवात ऐकू आला. ती ओरडली नाही. आधी पिशवी हळूच खाली ठेवली, मग बसली.

तिला मांडवात आणलं तेव्हा मी चार पावलांवर होते. व्यवस्थापकाने तिला विचारलं, ही हाक ऐकली की काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं का? “माका कळाक नाय, साहेब,” एवढंच ती म्हणाली. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मॅडम, इतकं शिकवून हे असं.

मी म्हणाले, “प्रशिक्षणाला त्या दिवशी ती आली नव्हती.”

हे वाक्य खरं होतं. त्या वाक्यानेच तिचं नाव कायम ठेवायच्या यादीतून गेलं.

घरी येऊन मी जाडा शब्दकोश काढला. तो शब्द वेगळाच होता, शेवटी एक ‘ई’ असलेला. पुढच्यांनो, सांभाळा, असा त्याचा इशारा. चार या आकड्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

आठ दिवस मी तिच्या दारावरून जायचं टाळलं. पदेराची सायकल यायची तेव्हा पाव घ्यायला बाहेर पडायचं, तेही बंद केलं. नवव्या दिवशी शब्दकोश काखेत मारून गेले, जणू माझ्या वतीने तोच बोलणार होता. ती प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने कुळीथ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“माका त्याच दिसा कळला, बाई. तिघी बसली, मी उभी.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंस?”

“तुमी थंयच होतात मां.”

त्या रात्री मी व्यवस्थापकाला इंग्रजीत पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘गैरसमज’ असा शब्द आला होता, तो खर्डा फाडला. त्याचं उत्तर सभ्य आलं: प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण जागा भरल्या आहेत. प्लास्टर निघालं की ती पुन्हा तुयेलाच जाणार आहे.

माझ्या पत्राची प्रत आणि ते उत्तर घेऊन मी काल तिच्याकडे गेले. मराठीत करून वाचा, ती म्हणाली. मी वाचत गेले. ‘तिचा दोष नाही, तिला मीच चुकीचं शिकवलं आणि समोर असून गप्प राहिले’ या ओळीवर तिने मला थांबवलं.

“ती ओळ परत वाचा, बाई.”

मी परत वाचली.