साडूंचं गवत कापायचं मशीन

माझ्या साडूंइतकं चोखंदळ गिऱ्हाईक उत्तर कोकणात दुसरं झालं नाही आणि दुकानदारांचं नशीब थोर असेल तर यापुढेही होणार नाही. पंखा घ्यायचा तर ते दुकानात त्याच्याखाली सतरंजी टाकून आडवे होत. "पंखा काय उभ्यानं वापरतात?" असा त्यांचा बिनतोड सवाल. एकदा असेच आडवे झाले आणि तिथेच डोळा लागला. दुकानदारानं दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं, पण उठवलं नाही. उठवलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून झोपून बघितलं असतं त्यांनी. प्रेशर कुकर घेताना त्यांनी शिट्टीचा सूर बायकोला फोनवर ऐकवला होता. ही म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई पलीकडून म्हणाली, "चांगला आहे, घेऊन या." त्यावर हे दुकानदाराला गंभीरपणे म्हणाले, "एका शिट्टीवर माणूस ओळखू नये. अजून एक होऊ द्या."

अशा माणसानं निवृत्तीनंतर वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या पट्ट्यात बैठं घर घेतलं. घरामागे चिक्कू, दोन नारळ आणि एक जुनं बावखल. बावखल म्हणजे पूर्वी वाडीला पाणी द्यायला खणलेलं लहानसं तळं. त्याला ना कठडा, ना पायरी. पावसाळा सरला की त्याच्याभोवतीचं गवत पुरुषभर वाढायचं आणि काठ कुठे संपतो नि पाणी कुठे लागतं, ते बेडकांनाच ठाऊक असायचं. यंदा ताईनं तगादा लावला की गवत कापायचं पेट्रोलचं मशीन आणा. साडूंच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांना संशोधनाला विषय मिळाला.

मग काय विचारता! टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, खांद्याला अडकवायचं की पाठीवर घ्यायचं, पातं बरं की नायलॉनची दोरी, हँडल सायकलसारखं की छत्रीच्या दांडीसारखं. मी नालासोपाऱ्याला राहतो, म्हणून तुळिंजच्या दुकानांची पाहणी माझ्याकडे होती. "वजन किती ते विचारू नका, उचलून बघा. आणि उचलून अर्धा तास उभे राहा," अशी मला सूचना. मी पाच मिनिटं उभा राहिलो, तर दुकानदारानं स्टूल पुढे केलं. स्वतः साडू तर ज्याच्याकडे मशीन असेल त्याच्या दारात हजर. "जरा चालवून बघू का?" म्हणत त्यांनी शेजाऱ्यांची कुंपणं, देवळामागचं आवार, कुणाकुणाच्या वाड्या भादरून काढल्या. सगळं गाव गुळगुळीत झालं. राहिलं ते त्यांच्याच घरामागचं. शेजारी इनासभाऊ, त्यांची भाजीची वाडी. त्यांच्याकडे एक जुनं केशरी मशीन होतं. ते नेहमी म्हणत, "न्या की आमचंच!" पण साडूंनी त्याला एकदाच ऐकून नापास केलं होतं. "आवाजात प्रामाणिकपणा नाही," म्हणाले.

आणि एका सकाळी ताईचा संयम संपला. साडू चांदीपला कुणाच्या तरी शेतावर चार स्ट्रोकचं मशीन चालताना बघायला निघाले होते. ती म्हणाली, "बघत बसा तुम्ही. एक दिवस मी त्या गवतात शिरेन ती परत यायची नाही." साडू म्हणाले, "अगं, आज नक्की होतंय," आणि गेले.

दुपारी मला त्यांचा फोन आला. हा माणूस फोनवर नेहमी प्रस्तावना करतो. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "ही घरात नाही. तुम्ही या."

रिक्षानं पोचलो, तर घराला बाहेरून कडी. ताईचा मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावलेला. आणि मागच्या बाजूला, गवताच्या कडेला, तिची एक चप्पल. एकच. साडू हातात बांबू घेऊन उभे होते. आजूबाजूची घरं विचारून झाली होती. इनासभाऊ शक्य तिथवर आत जाऊन आले होते, पण काठ दिसत नव्हता. पुढे पाऊल टाकणारा थेट पाण्यात गेला असता.

"गवत काढल्याशिवाय काय दिसनार नाय," इनासभाऊ म्हणाले आणि धावत जाऊन ते केशरी मशीन घेऊन आले. "पातं लावतो, झटक्यात होईल."

"पातं नको!" साडू किंचाळले. मग खाली बघत हळूच म्हणाले, "दोरी लावा. आत ती पडली असली तर?"

त्यांनी मशीन खांद्याला अडकवलं. किती स्ट्रोकचं, किती वजनाचं, काही विचारलं नाही. आधी कमरेच्या वर, मग गुडघ्याच्या वर, असं थर काढत ते पुढे सरकू लागले. आम्ही दोघं बाजूनं बांबूनं गवत चाचपत होतो. चार पावलं गेले की ते मशीन बंद करत, हाक मारत आणि कान देऊन थांबत. आजवर 'अगं' आणि 'ऐकलंस का' याच्यापुढे त्यांची हाक गेलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ते "सुमन! ए सुमन!" म्हणून ओरडत होते, आणि कुठल्याशा झाडावरचा कोतवाल पक्षी तेवढा उत्तर देत होता.

शेवटी बावखल उघडं पडलं. पाण्यावर शेवाळाचा हिरवागार थर होता आणि त्या थरावर साधा ओरखडा नव्हता. इनासभाऊंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "कोनी पडलेलं नाय," ते म्हणाले. साडूंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते पाण्याकडे बघतच राहिले.

तेवढ्यात पुढच्या दारी रिक्षा वाजली. ताई उतरली. पायात नवे सँडल, मागून रिक्षावाला एक लांबलचक खोकं ओढतोय. ती घराला वळसा घालून मागे आली, कापलेलं गवत बघितलं, खांद्याला मशीन लावलेला नवरा बघितला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे? शेवटी आणलंत होय? मग मी कशाला एवढी विरारला तडफडत गेले?"

मी चप्पल वर धरली.

"सापडली का? सकाळी एकच सापडली म्हणून तर सणाचे सँडल घालून जावं लागलं."

इनासभाऊ ओशाळले. "आमचं कुत्रं, ताई. अर्ध्या गावाच्या चपला त्यानं फिरवल्यात."

साडू मशीनसकट खाली बसले. चष्म्यावर गवत, केसांत गवत, नव्या शर्टाचा पार पालापाचोळा झालेला. ते हसत होते असं मला आधी वाटलं. मग ताई जवळ गेली, त्यांच्या खांद्यावरचा पट्टा सोडवू लागली, आणि मी व इनासभाऊ उगाचच नारळाकडे बघत उभे राहिलो.

पट्टा सुटल्यावर साडूंनी विचारलं, "कुठलं घेतलंस?"

"लाल."

"लालच का?"

"दुकानात लालच होतं."

साडू म्हणाले, "छान केलंस," आणि खोकं उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याला आता काही पावसाळे झाले. लाल मशीन अजून चालतं, पण सुरू करताना दोरी जोरात ओढावी लागते आणि साडूंच्या खांद्यात हल्ली तेवढा जोर राहिलेला नाही. म्हणून पट्टा ते अडकवतात, दोरी ताई ओढते. मग ती चिक्कूखाली खुर्चीवर बसते. ते थोडं कापतात, मध्येच मशीन बंद करतात आणि मान वळवून खुर्चीकडे बघतात. "काय झालं?" ती विचारते. "काही नाही," ते म्हणतात. आता दोरी पुन्हा ओढायला हवी. ती कुरकुरत, गुडघ्यावर हात टेकत उठते.