काकांचं तळं आणि काकूंचं अळू

काणेकाका पहिल्यांदा दिसले तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध हात पसरून माझी गाडी अडवत होते. समोरून एक कासव रस्ता ओलांडत होतं.

"बेसमेंट बघायला आलेली तूच ना?" त्यांनी मराठीत विचारलं. "मग थांब. आधी मालक जाऊ देत."

मी त्यांच्याकडे भाड्याने राहू लागले. मी फारशी बोलत नाही, याचं त्यांना कौतुक होतं. "बेडकांना अशीच माणसं आवडतात," म्हणायचे.

काका निवृत्त डॉक्टर. अमेरिकेतल्या डब्लिनच्या बाहेर त्यांचं घर. मागे तळं, दलदल आणि ओकचं रान. आजूबाजूला टाऊनहाउस उगवत होती. बिल्डरचा फोन आला की काका म्हणायचे, "बेडकांना विचारून कळवतो." शेवटी त्यांनी एका संस्थेशी कायमचा करार केला. जमीन काकांचीच, पण मागच्या रानात कधीच काही बांधायचं नाही. उद्या ती विकली तरी नव्या मालकालाही करार पाळावा लागणार. नियम काकांनीच कडक करून घेतले. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका," ते वकिलाला म्हणाले. परदेशी झाडं लावायची नाहीत, हा हट्टही त्यांचाच.

पहिल्याच पाहणीला संस्थेची लिंडा तळ्याकाठी थबकली. तिथे सुपाएवढी पानं डुलत होती.

"डॉक्टर, हे काय?"

काकांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे, मी बुटांकडे.

"अळू," काकू म्हणाल्या. "आणि ते परदेशी नाही. रत्नागिरीचं आहे."

लिंडा भली बाई. एवढ्याशा कोपऱ्याकडे कानाडोळा करायला तयार होती. काका ऐकेनात. "आज अळू चाललं, तर उद्या गोल्फ कोर्सही चालेल!" असं म्हणत ते फावडं घेऊन गुडघाभर चिखलात उतरले.

"अहो, बेडकांसाठी माझं अळू उपटता?"

"ते इथलं नाही गं!"

"तुम्ही तरी कुठले इथले? आधी तुम्ही बाहेर या!"

ते येईनात, म्हणजे त्यांना येता येईना. काकूंनी आणि मी त्यांना ओढून काढलं. अळू टबात बसून डेकवर आलं. काकू आठवडाभर काकांशी माझ्यामार्फत बोलत होत्या. माझ्यासारखीला हे फार जड गेलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. काकूंनी मुलीकडे जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. पुण्याचं एक तरुण जोडपं बघायला आलं. तळ्याकडे बघत नवरा म्हणाला, "काकू, हे बुजवून छोटासा स्विमिंग पूल तरी करता येईल ना? कोण बघतंय?"

काकूंनी पदर खोचला.

"अरे, इथे माझं अळू चालू दिलं नाही ह्यांनी. तुझा पूल चालेल?"