मिस्त्रींनी नको म्हटलेलं पेडल

मला लिहायची सवय नाही. पण चौकातल्या सायकलच्या दुकानातले मिस्त्री कसे आहेत हे कुणीतरी सांगायला हवं, आणि त्यांचं नाव मीच खराब केलं.

मिस्त्री गिऱ्हाइकाला आधी चप्पल काढायला लावत. ती उलटी करून तळ बघत. झीज पाहून माणूस रस्त्यात किती वेळा पाय टेकतो ते त्यांना कळे. मग स्वतःची दोन बोटं पुढे करून म्हणत, "अंगठ्याने दाबा." अंगठ्यात जोर असेल, चढावर जायचं असेल, तर दाबायचा गिअर. अंगठा दुखरा असेल तर मुठीने पिळायचा. चिखलात फिरणाऱ्याला खिळ्यांचं रुंद पेडल, लांब पल्ल्याच्या गड्याला बुटात अडकणारं.

पोरं चेष्टा करत. "मिस्त्री, भविष्यपण सांगा!"

"सांगतो की. उद्या तुझी चेन तुटणार. तेल कोण घालणार, तुझा आजा?"

मला म्हणाले, "काका, तुम्ही दर शंभर पावलांवर पाय टेकता. सपाट पेडल बरं. गिअर पिळायचा."

गिअरचं मी ऐकलं. पण रविवारी ज्यांच्याबरोबर सायकलवर जायचो त्या सगळ्यांची पेडलं बुटात अडकणारी. थांबताना टाच वळवली की बूट सुटायचा आणि टक् असा आवाज यायचा. मलाही तो आवाज हवा होता. सहासष्टाव्या वर्षी. दुसरीकडून पेडलं आणि तसले बूट आणले, पेडलं घरीच बसवली.

तिसऱ्याच रविवारी सिग्नलला पाय सुटला नाही. सगळ्यांसमोर पोत्यासारखा आडवा झालो. मनगट मोडलं. दवाखान्यात मुलीने विचारलं, "ही पेडलं कुणी बसवली?"

तोंडातून निघून गेलं, "मिस्त्रींनी."

दुसऱ्या दिवशी ती सायकल घेऊन दुकानात गेली. मी मागे, हात गळ्यात. "म्हाताऱ्या माणसाला असलं पेडल? अक्कल गहाण टाकलीय का?" दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

मिस्त्री खाली वाकले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मला ते कुठे ठाऊक! सुलटं फिरवून, जोर लावून घुसवलं होतं. आटे पार गेले होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी प्लास्टरकडे पाहिलं.

"चुकलं, ताई," ते म्हणाले.

दुकानाच्या मालकांनी त्यांना तेव्हाच बजावलं, "यापुढे गिऱ्हाईक मागेल ते बसवायचं. चौकशा बंद."

पंधरा दिवस मी चौक टाळला. मग एकटाच गेलो आणि मालकांना खरं सांगितलं.

"मग तेव्हा जीभ कुठे होती?" ते म्हणाले. त्यांनी आत हाक मारून मिस्त्रींना सांगितलं, "तुमचं पहिल्यासारखं चालू द्या."

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. मी विचारलं, "बोलला का नाहीत?"

"मुलीसमोर बापाला खोटं कसं पाडायचं?" मग म्हणाले, "पण काका, ताई ओरडत होत्या तेव्हा माझी बायको डबा घेऊन दारात उभी होती."

संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं. ती उठून चपला घालू लागली.

"कुठे निघालीस?"

"मिस्त्रींच्या घरी. त्यांच्या बायकोसमोर माफी मागायला. येताय ना, बाबा?"

मी म्हटलं, हात दुखतोय. ती एकटीच गेली.