वडाला घातलेलं पाणी

आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो तेव्हा आई पलीकडच्या वस्तीतून डोक्यावर पाणी आणायची. तरी वटपौर्णिमेला त्यातला एक तांब्या ती नाक्यावरच्या वडाला घालायची. तापलेली माती ते पाणी बघता बघता पिऊन टाकायची.

आता वस्तीच्या जागी इमारती आहेत, आमच्या घरात नळ आहे आणि वडाच्या अगदी खोडापर्यंत सिमेंट आलंय. गेल्या वर्षी आईने तांब्या रिकामा केला, तर सगळं पाणी तिच्याच पायांवरून ओघळत गटारात गेलं.

“काकू, पुढचे सात जन्म तुम्हाला काकाच द्यायला वड तयार नाही बघा,” शेजारची सुमन म्हणाली. बायका हसल्या. आई हसली नाही.

“याला प्यायला कुठून मिळत असेल गं?” तिने मला विचारलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही पर्यावरण विषयाची, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हा प्रश्न आधी आईला पडला. शहर वाढतंय तसं आपण जमिनीचं तोंड बंद करत चाललोय. पावसाळ्यात रस्त्यांच्या नद्या होतात आणि उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघतो. झाड वरून हिरवं दिसतं, म्हणून खाली कुणी बघत नाही.

वडाभोवतीचं सिमेंट काढावं म्हणून वॉर्ड ऑफिसात मी वर्षभर खेटे घातले. त्याच काळात रस्ता रुंद करताना पुढच्या चौकातले दोन वड गेले. हे असंच चालणार, हे मला दिसतंय.

या एका वडाभोवतीचं हातभर सिमेंट मात्र फोडलं गेलं. यंदा आईने घातलेलं पाणी मुरलं.